राखीव छत्री : आकाशातील बिघाड आणि जमिनीवरची तयारी

पुण्याच्या शीतल महाजन यांनी १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर २,४०० फूट उंचीवरून पॅराशूटच्या साहाय्याने उडी घेतली. ती त्यांच्या आयुष्यातील पहिलीच उडी होती. १५ डिसेंबर २००६ रोजी त्यांनी दक्षिण ध्रुवावर ११,६०० फुटांवरून उडी घेतली आणि २०११ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री किताबाने गौरविले. अशा पराक्रमांची छायाचित्रे प्रसिद्ध होतात तेव्हा आपली दृष्टी आकाशात उमललेल्या रंगीत छत्रीवर खिळते. परंतु उडी घेणाऱ्याच्या पाठीवर आणखी एक छत्री घडी घालून ठेवलेली असते. ती छायाचित्रात दिसत नाही. शेकडो उड्यांत तिला हात लावण्याची वेळही येत नाही. तरीही तिच्यावाचून कोणीही जाणता माणूस विमानाच्या दारात उभा राहत नाही. तिला राखीव छत्री म्हणतात.

‘राखीव’ या शब्दाशी आमच्या समाजाचा परिचय किती जुना आहे, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगावयास नको. त्या शब्दाकडे आपण शेवटी वळूच. तत्पूर्वी मुख्य छत्री दगा देते म्हणजे नेमके काय होते, आणि त्या क्षणी माणूस कसा वाचतो, हे समजून घेऊ.

सेकंदांचा हिशेब

विमानातून बाहेर पडलेला माणूस प्रथम वाढत्या वेगाने खाली येतो. पहिले हजार फूट कापण्यास त्याला साधारणपणे दहा सेकंद लागतात. पुढे हवेचा विरोध आणि शरीराचे वजन यांचा तोल जमतो आणि वेग ताशी सुमारे १९० किलोमीटरवर स्थिरावतो. यानंतरचे प्रत्येक हजार फूट अवघ्या साडेपाच सेकंदांत सरतात. उत्तर ध्रुवावरील २,४०० फुटांच्या उडीत छत्री उघडलीच नसती, तर बर्फ गाठण्यास अठरा सेकंदांच्या आसपास वेळ लागला असता. हा काळ इतका अल्प आहे, की त्या अवधीत नवा विचार करता येत नाही. आधी केलेला विचार फक्त अमलात आणता येतो. राखीव छत्रीचे सारे शास्त्र या एका वाक्यावर उभे आहे.

मुख्य छत्री उघडते कशी

आजच्या हवाई उडीतील छत्री गोल नसते. १९६४ च्या सुमारास डोमिना जालबर्ट या संशोधकाने कापडी कप्प्यांची आयताकृती छत्री सिद्ध केली. तिच्या पुढच्या तोंडांतून हवा आत शिरते, कप्पे फुगतात आणि कापडाला विमानाच्या पंखासारखा आकार येतो. त्यामुळे ती केवळ खाली न येता पुढेही सरकते व वळविता येते.

पाठीवरील पिशवीत दोन कप्पे असतात. खालच्यात मुख्य छत्री, वरच्यात राखीव. ठरलेल्या उंचीवर उडी घेणारा एक लहानशी छत्री हाताने वाऱ्यात फेकतो. तिला पायलट छत्री म्हणतात. ती वाऱ्याने ताणली की तिच्या पट्ट्याला जोडलेली पिन कप्प्यातून सुटते, छत्रीची गुंडाळी बाहेर येते, दोऱ्या क्रमाने उलगडतात आणि शेवटी कापड हवा धरते. ही क्रिया एका झटक्यात झाली तर शरीराला प्राणघातक हिसका बसेल. म्हणून दोऱ्यांभोवती स्लायडर नावाचा कापडाचा चौकोनी तुकडा असतो. तो दोऱ्यांवरून सावकाश खाली घसरतो आणि छत्रीला हळूहळू फुलू देतो. या साखळीतील एकही कडी अडली की बिघाड उद्भवतो.

बिघाडाचे प्रकार

बिघाड मुख्यत्वे दोन जातींचे मानले जातात. पूर्ण बिघाडात छत्री बाहेरच पडत नाही. पायलट छत्री फेकण्याची मूठ सापडत नाही, किंवा सापडली तरी कप्पा उघडत नाही. अर्धवट बिघाडात छत्री बाहेर येते, परंतु माणसाला सुखरूप उतरविण्याजोगी राहत नाही. कधी गुंडाळी बाहेर येऊनही कापड तिच्यातून सुटत नाही. कधी एखादी दोरी छत्रीच्या माथ्यावरून आडवी जाते आणि छत्रीचे दोन फुगे होऊन ती गरगरू लागते. कधी दोऱ्यांत गाठ बसते, तर कधी स्लायडर वरच अडकून राहतो.

प्रत्येक अडचण म्हणजे बिघाड नव्हे. झोपाळ्याच्या दोऱ्यांना पीळ बसावा तसा छत्रीच्या दोऱ्यांना पीळ पडतो. तेव्हा पट्टे फाकवून व पायांनी झटका देऊन तो पुष्कळदा सोडविता येतो. म्हणून छत्री उघडताच प्रत्येकाने तीन गोष्टी पाहावयाच्या असतात. छत्री पूर्ण फुगली आहे काय? ती स्थिर आहे काय? डावीउजवीकडे वळते आणि ब्रेक ओढल्यावर मंदावते काय? यांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी आले आणि दुरुस्तीला दाद मिळाली नाही, तर त्या छत्रीवर विसंबावयाचे नसते. असे बिघाड किती वेळा होतात? या क्षेत्रातील जाणकार ढोबळमानाने हजार उड्यांमागे एक असे प्रमाण सांगतात. हजारात एक हे प्रमाण अल्प वाटते. पण ज्याच्या वाट्याला ती एक उडी येते त्याच्यापुरते ते शंभर टक्के असते.

निर्णयाची उंची

अमेरिकेतील पॅराशूट संघटनेने घालून दिलेल्या शिस्तीनुसार नवशिक्याने २,५०० फुटांपर्यंत आणि अनुभवी व्यक्तीने १,८०० फुटांपर्यंत निर्णय घेतलाच पाहिजे. हिला निर्णयाची उंची म्हणतात. तिच्या वर असताना दुरुस्तीचा प्रयत्न करावा. तिथे पोहोचताच प्रयत्न थांबवावेत आणि राखीव छत्रीकडे वळावे. ‘आणखी एकदा ओढून पाहतो’ या विचाराला तेथे जागा नाही. हजार फुटांच्या खाली तर बिघडलेली मुख्य छत्री सोडून देण्याचाही धोका पत्करू नये, कारण राखीव छत्री फुलण्यास पुरेसे अंतर उरण्याची खात्री नसते. तेथे ती लगेच उघडावी लागते.

कृती अशी असते. शरीराची कमान करावी. प्रथम डोळ्यांनी मुठी पाहाव्यात आणि मगच हात घालावेत, कारण घाबरलेला हात अंदाजाने भलताच पट्टा पकडतो. छातीच्या उजव्या बाजूला साधारणपणे लाल रंगाची मऊ मूठ असते. ती ओढली की मुख्य छत्री खांद्यांपासून वेगळी होऊन निघून जाते. डाव्या बाजूची मूठ ओढली की राखीव कप्पा उघडतो. त्यातील पायलट छत्री स्प्रिंगवर दाबून बसविलेली असल्याने ती आपोआप उसळून बाहेर पडते. पूर्ण बिघाडात मात्र सोडून देण्याजोगे काही बाहेर आलेले नसते. तेव्हा वेळ न दवडता राखीव छत्री उघडण्याकडेच वळावयाचे असते.

बिघडलेली छत्री आधी सोडावयाची ती का? दोन्ही छत्र्या एकाच वेळी बाहेर राहिल्या, तर त्या एकमेकींत गुरफटू शकतात. पूर्वी मुख्य छत्री सोडणे हेच अवघड काम होते. १९७० च्या दशकात अमेरिकेतील बिल बूथ यांनी तीन कड्यांची युक्ती शोधली. मोठ्या कडीतून मधली, मधलीतून धाकटी अशा कड्या ओवलेल्या असतात आणि धाकटीला एक लहानसा दोरीचा फास धरून ठेवतो. तरफेच्या तत्त्वाने प्रत्येक कडीवर ताण कमी होत जातो, म्हणून माणसाचा सारा भार त्या फासावर नाममात्र उरतो आणि एका हाताच्या ओढीने सुटतो. पुष्कळ पाठपिशव्यांत आणखी एक पट्टा असतो. मुख्य छत्री निघून जाताना तो राखीव कप्प्याची पिन ओढून नेतो.

यंत्रांची सोय वाढली तरी मनाची अडचण उरतेच. डोक्यावर थोडेबहुत कापड दिसत असते, ती छत्री महाग असते, ती सोडली तर सापडेल की नाही याची शाश्वती नसते. या मोहात सेकंद जातात. जिवावर बेतलेल्या पुष्कळ प्रसंगांत राखीव छत्री निकामी नव्हती. निर्णय उशिरा झाला, एवढेच घडले. मज्झिम निकायात तराफ्याचा दृष्टान्त आहे. पैलतीर गाठल्यावर तराफा डोक्यावर वाहून नेऊ नये, हे तथागतांनी तेथे समजाविले आहे. आकाशात ही गोष्ट अधिक कठोर रूपात समोर येते. तेथे तराफा नदीच्या मध्येच फुटलेला असतो आणि तरीही हात त्याला सोडत नाही.

म्हणून हा अभ्यास जमिनीवर होतो. शिकाऊ व्यक्तीला अंगपट्ट्यांसह छताला टांगून बिघाडाची चित्रे दाखवितात आणि प्रत्येक चित्रावर हातांनी योग्य कृती करवून घेतात. अनुभवी मंडळीही विमानात चढण्यापूर्वी मुठींना स्पर्श करून क्रम मनात घोळवितात. धम्मपदाचा दुसरा वर्ग अप्पमादाचा, म्हणजे जागरूकतेचा आहे. हा शब्द आमचे विद्यार्थी वंदनेच्या वेळी ऐकतात. त्याचा व्यवहारातील अर्थ पाहावयाचा असेल, तर या सरावाइतके चांगले उदाहरण क्वचित सापडेल.

दुसऱ्या छत्रीचा इतिहास

२२ ऑक्टोबर १७९७ रोजी आंद्रे-जाक गार्नरिन यांनी पॅरिस येथे बलूनमधून छत्रीच्या आधारे उडी घेतली, तेव्हा त्यांच्यापाशी एकच छत्री होती. पहिली छत्री सोडून दुसरी उघडण्याचे कौशल्य लोकांपुढे आणण्यात जर्मनीच्या केटे पाउलुस या महिलेचा मोठा वाटा आहे. १८९४ मध्ये तिचे सहकारी हेरमान लाटेमान यांची छत्री न उघडल्याने त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतरही तिने आपले काम सोडले नाही. बलूनमधून उडी घ्यावयाची, एक छत्री उघडावयाची, ती सोडून द्यावयाची आणि दुसरीने उतरावयाचे, हा तिचा खेळ पाहण्यास गर्दी लोटत असे. पहिल्या महायुद्धात तिने जर्मन सैन्यासाठी हजारो छत्र्या तयार केल्या.

२८ एप्रिल १९१९ रोजी अमेरिकेत लेस्ली अर्विन यांनी विमानातून उडी घेऊन, अधांतरी पडत असताना स्वतःच्या हाताने छत्री उघडून दाखविली. माणूस पडताना शुद्ध हरपतो, हा समज त्या दिवशी मोडला. २० ऑक्टोबर १९२२ रोजी हॅरल्ड हॅरिस हे वैमानिक मोडत्या विमानातून छत्रीने उतरून वाचले. अशा रीतीने वाचलेल्यांचा ‘कॅटरपिलर क्लब’ निघाला आणि त्यांना रेशमाच्या किड्याचे चिन्ह असलेली सोन्याची पिन देण्याची प्रथा पडली. छत्रीने जीव वाचविला, यात त्यांना कमीपणा वाटला नाही. त्यांनी ती पिन छातीवर मिरविली.

सैन्यातील इतिहास मात्र वेगळाच प्रश्न उभा करतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी पॅराशूट सैनिकाच्या पोटावर राखीव छत्री बांधलेली असे. ब्रिटिश सैनिकाला ती दिली जात नसे. संकटात दुसरा आधार कोणाला मिळावा, हे केवळ विज्ञान ठरवीत नाही. निर्णय घेणारी माणसे ठरवितात. ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. त्याच महिन्यात दिल्लीत पन्नासाव्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडची स्थापना झाली. पुढे स्वतंत्र भारतात, ११ डिसेंबर १९७१ रोजी, मूळच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीतून आलेल्या दुसऱ्या पॅराशूट पलटणीने आजच्या बांगलादेशातील टांगाइल येथे आकाशातून उतरून इतिहास घडविला. अशा सैनिकी उडीत छत्रीचा पट्टा विमानातील तारेला अडकविलेला असतो आणि जवान बाहेर पडताच तो छत्री उघडतो. जवान सेकंद मोजतो, मान वर करून छत्री पाहतो आणि ती फुललेली नसेल तर राखीव छत्रीच्या मुठीला हात घालतो.

उंची कोठून मोजावयाची

शीतल महाजन यांच्या दोन उड्यांतून या शास्त्राच्या दोन बाजू स्पष्ट होतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांनी थायलंडमधील पटाया येथे नऊवारी साडी नेसून सुमारे १३,००० फुटांवरून उडी घेतली. वर्तमानपत्रांनी तीतील मराठमोळेपणाचे कौतुक केले आणि ते योग्यच होते. परंतु आठ मीटरहून लांब वस्त्र ताशी १९० किलोमीटरच्या वाऱ्यात नेणे म्हणजे काय, याचाही विचार व्हावा. सुटलेला पदर मुठी झाकू शकतो किंवा पायलट छत्रीला वेढा घालू शकतो. अशा उडीत साडी चापूनचोपून नेसणे आणि अंगपट्टे व मुठी मोकळ्या ठेवणे हा शोभेचा नव्हे, जिवाचा प्रश्न असतो.

१३ नोव्हेंबर २०२३ रोजी त्यांनी एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून उडी घेतली. २१,५०० हा आकडा ऐकून वेळ भरपूर असावा असे वाटते. प्रत्यक्षात तेथे पायाखालची जमीनही समुद्रसपाटीपासून बरीच उंच असते. २,५०० फुटांची निर्णयाची उंची तेथे समुद्रसपाटीपासून नव्हे, त्या जमिनीपासून मोजावी लागते. म्हणून उंचीमापक ज्या जमिनीवर उतरावयाचे तेथील शून्यावर लावावा लागतो. मुंबईच्या किनाऱ्यावर शून्यावर लावलेले यंत्र गारगोटीच्या मैदानावर आणले तर ते शून्य दाखविणार नाही. शिवाय विरळ हवेत माणूस अधिक वेगाने पडतो आणि छत्रीही अधिक वेगाने उतरते.

राखीव छत्री कोण बांधतो

मुख्य छत्रीची घडी उडी घेणारा स्वतः घालू शकतो. राखीव छत्रीला मात्र ती मुभा नाही. अमेरिकेच्या नियमानुसार ती परवानाधारक रिगरनेच बांधावी लागते आणि वापरली नसली तरी १८० दिवसांच्या आत पुन्हा उघडून, तपासून, घडी घालावी लागते. तिचा आकार व बांधणी वेगासाठी वा कसरतींसाठी नसते. ती खात्रीने आणि चटकन उघडावी, हा मुख्य हेतू असतो. म्हणजे जी दुय्यम समजली जाते तिच्यावरच अधिक पारखलेला हात फिरलेला असतो. जीव वाचल्यानंतर रिगरला आठवणीने भेट देण्याची रीत या मंडळींत आहे.

माणूस बेशुद्ध झाला किंवा उंचीचे भान हरपले, तर? १९९१ मध्ये जर्मनीत सायप्रेस नावाचे इलेक्ट्रॉनिक उपकरण बाजारात आले. जमिनीपासून सुमारे ७५० फुटांवरही माणूस सेकंदाला ३५ मीटरहून अधिक वेगाने पडत असेल, तर ते राखीव कप्प्याचा फास कापते. त्या वेळी हाताशी चारेक सेकंद असतात. परंतु अर्धवट फुगलेल्या छत्रीखाली वेग या मर्यादेपेक्षा कमी असेल, तर ते काम करीत नाही. यंत्र अखेरचा पहारेकरी आहे, निर्णय माणसाचाच.

‘राखीव’ या शब्दाचा अर्थ

आता त्या शब्दाकडे वळू. आमची गारगोटी पूर्वी कोल्हापूर संस्थानात होती. या संस्थानाचे अधिपती राजर्षी शाहू छत्रपती यांनी २६ जुलै १९०२ रोजी आदेश काढून रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. ज्या मातीत आमची मुले शिकतात, त्या मातीत ‘राखीव’ हा शब्द शतकाहून अधिक काळ रुजलेला आहे. तरीही गावाबाहेर, महाविद्यालयात, कचेरीत हा शब्द त्यांच्या कानांवर अनेकदा टोमण्याच्या स्वरात पडतो.

राखीव छत्री आणि राखीव जागा यांची तुलना एका मर्यादेपलीकडे ताणू नये. छत्री अपघातासाठी असते. राखीव जागा ही राज्यकारभारातील न्याय्य वाट्याची बाब आहे. परंतु एक गोष्ट दोहोंना लागू पडते. राखीव छत्री उघडावी लागली म्हणजे उडी घेणारा नालायक ठरत नाही. बिघाड त्याच्यात नसतो, त्याच्या डोक्यावरील कापडात असतो. शतकानुशतके जी समाजव्यवस्था काहींसाठी उघडली आणि काहींसाठी उघडलीच नाही, तिच्या बाबतीतही बिघाड माणसांत नव्हता.

बाबासाहेबांनी हे जाणले होते. केवळ मूलभूत हक्क लिहून ते थांबले नाहीत. ते हक्क कोणी नाकारले तर नागरिकाला थेट सर्वोच्च न्यायालयात जाता यावे, यासाठी घटनेत ३२ वे कलम आहे. संविधान सभेत ९ डिसेंबर १९४८ रोजी त्यांनी या तरतुदीला घटनेचा आत्मा आणि हृदय मानले. पहिला आधार निकामी झाल्यास दुसऱ्याची मूठ नागरिकाच्या स्वतःच्या हाती असावी, ही दूरदृष्टी त्यात आहे. परंतु मूठ कोठे आहे हे ठाऊक नसलेल्याला तिचा उपयोग नाही. म्हणून आमच्या शाळेत घटनेची उद्देशिका मुखोद्गत करविली जाते, तेवढ्यावर न थांबता विद्यार्थ्यांनी ३२ वे कलमही समजून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

या शाळेच्या वसतिगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपैकी कोणी उद्या सैन्यात जाऊन पॅराशूटचे शिक्षण घेईल, कोणी शीतल महाजन यांच्या वाटेने आकाशात झेपावेल. बहुतेक जण जमिनीवरच्या वाटा चालतील. त्यांतील कोणाला ‘तू राखीव जागेवरचा’ असे कोणी हिणविले, तर त्याने संतापू नये आणि मानही खाली घालू नये. ज्यांचे धैर्य जगाने वाखाणले ते सारे पाठीवर राखीव छत्री घेऊनच दारात उभे राहतात, एवढे त्याने शांतपणे सांगावे आणि आपल्या कामाला लागावे.